गावच्या विजेत गावाचा शब्द चालावा

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,



विजेच्या कारभारात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यासाठी राज्यघटनेनं आणि वीज कायद्यानं जागा राखून ठेवली आहे. कागदावरची ती जागा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आधी प्रत्यक्षात द्या, ही मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. कराड-विटा रस्त्यालगतच्या एका गावात मी राहतो आणि ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून काम केलेलं आहे. ग्रामसभेत सगळ्यात जास्त आरडाओरडा विजेवरून होतो, आणि सरपंचाच्या हातात सगळ्यात कमी काही असतं तेही विजेच्याच बाबतीत. डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली की लोक आधी सरपंचाच्या दारात येतात. सरपंच वायरमनला फोन लावतो, वायरमन सेक्शन ऑफिसला कळवतो, आणि तिथून पुढं ते प्रकरण कुठं गेलं हे गावात कुणालाच समजत नाही. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र 48 तासांत बदलून द्यावं असं वीज नियामक आयोगाचं मानक सांगतं. ते मानक आपल्या बाजूनं आहे, त्यात उशिराची भरपाई आहे, हे गावात किती जणांना ठाऊक असेल? रोहित्र येईपर्यंत नळाला पाणी नसतं, पिठाची गिरण बंद असते, उभा ऊस वाळत असतो. वाट पाहून कंटाळलेलं एखादं पोरगं डिओ (खांबावरचा फ्यूज) टाकायला स्वतःच खांबावर चढतं आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

या दोन जिल्ह्यांचं नाव मी आवर्जून घेतो आहे. कोयनेचं धरण पाटण तालुक्यात आहे. साठच्या दशकापासून त्या पाण्यावर महाराष्ट्राचे कारखाने आणि शहरं चालली. चार टप्पे आणि धरणपायथ्याचं वीजगृह धरून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट आहे. शिवसागर जलाशयात ज्यांची घरं गेली ती माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. पुनर्वसनाचे राहिलेले हक्क मागण्यासाठी त्यांची पुढची पिढी 2018 साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. 11 डिसेंबर 1967 ची भूकंपाची पहाट याच खोऱ्यानं सोसली. वनकुसवड्याच्या आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, सांगलीत ढालगाव-जतकडेही आहेत. आणि वापराचं म्हणाल, तर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी विजेवर उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. आटपाडीच्या डाळिंबाला पाणी मिळणार की नाही हे पावसाइतकंच कराड तालुक्यातल्या टेंभूच्या पंपावर ठरतं. ज्या मुलखात वीज तयारही होते आणि विजेवाचून शेतही चालत नाही, तिथं लोकांना या कारभारात बोलायला जागा नसावी हे मला पटत नाही.

गावानं कारभार करायची रीतही इथं जुनी आहे. औंध संस्थानानं 1939 साली गावपंचायतीला राज्याचा पाया मानणारी घटना स्वीकारली. त्या संस्थानातलं औंध आज साताऱ्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. पुढच्या चार-पाच वर्षांत याच पट्ट्यात प्रतिसरकार उभं राहिलं आणि गावोगाव लोकांनी आपले निवाडे आपण केले. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात पंचायत राज सुरू झालं, तेव्हा मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण होते. शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडं आले. वीज मात्र 1960 साली स्थापन झालेल्या वीज मंडळाकडंच राहिली आणि त्या काळात ते योग्यच होतं. खांब रोवायचे होते, तारा ओढायच्या होत्या, कोयनेची वीज पार मराठवाड्यापर्यंत न्यायची होती. ते काम एका हातानंच व्हायला हवं होतं, आणि मंडळाच्या माणसांनी ते जिवावर उदार होऊन केलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात कंबरभर पाण्यातून खांब गाठणारे वायरमन आम्ही पाहिलेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण खांब रोवायचं युग संपलं. मंडळाच्या 2005 साली कंपन्या झाल्या आणि वितरण महावितरण कंपनीकडं आलं. आता प्रश्न उरलेत ते रोजच्या कारभाराचे. कुठली डीपी आधी वाढवायची, कुठल्या फीडरवर रात्रीची पाळी लावायची, मंजूर खांब कुणाच्या वस्तीला आधी न्यायचे, या प्रश्नांची उत्तरं शिवार ओळखणाऱ्या माणसालाच देता येतात.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे दिल्ली आणि मुंबई दोघींचा. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 साली अकरावी अनुसूची आली. तिच्यातल्या 29 विषयांपैकी चौदावा विषय आहे ग्रामीण विद्युतीकरण, आणि त्यात विजेचं वितरणही धरलेलं आहे. पंधरावा विषय अपारंपरिक ऊर्जेचा. दहा वर्षांनी केंद्रानं वीज कायदा, 2003 केला. त्याच्या कलम 5 मध्ये ग्रामीण भागात वीज घाऊक विकत घेण्याचं आणि स्थानिक वितरण सांभाळण्याचं काम पंचायत संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना किंवा सहकारी संस्था करू शकतील असं धोरण आखायला सांगितलं आहे. अशा संस्थांना परवान्याच्या अटीतून सूट देण्याची सोय कलम 13 मध्ये आहे. आणि कलम 166 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असायलाच हवी. विद्युतीकरणाचा आढावा, पुरवठ्याचा दर्जा आणि ग्राहकांचं समाधान हे तपासणं तिचं काम आहे.

घटनेतली अडचण मला माहीत आहे. हे विषय पंचायतींकडं सोपवायचे की नाही, हे कलम 243-छ नं राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. म्हणून तर पत्र आपल्याला लिहिलं. दिल्लीनं रस्ता दाखवून ठेवला आहे, पुढचं पाऊल मुंबईनं टाकायचं आहे.

ते न टाकल्यानं काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गावच्या दिवाबत्तीचं आहे. दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं अगदी मूळचं काम. पथदिव्यांचं बिल मात्र वर्षानुवर्षं सरकारी अनुदानातून जिल्हा परिषदेमार्फत परस्पर भरलं जायचं. ग्रामपंचायतीला ना बिल दिसायचं, ना वापर. कित्येक ठिकाणी मीटरसुद्धा नव्हता, अंदाजानं आकडा पडायचा. मग अनुदान अडलं, थकबाकी फुगली, आणि 2021 मध्ये राज्यभर गावांचे पथदिवे तोडायला सुरुवात झाली. सरपंच मंडळी रस्त्यावर उतरली. जूनमध्ये सरकारनं सांगितलं, की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरा. त्या निधीचे आराखडे ग्रामसभांनी आधीच केलेले होते. त्यात गटारं होती, अंगणवाडीच्या भिंती होत्या, स्मशानाचा रस्ता होता. चिडलेल्या काही ग्रामपंचायतींनी गावातल्या खांबांवर आणि रोहित्रांवर कर लावायचे ठराव केले. त्यांना उत्तर मिळालं, की वीज कंपन्यांना या करातून सूट आहे.

या साखळीकडं नीट पाहावं. बिलाचा आकडा कंपनीनं काढला. अनुदान थांबवायचा निर्णय मंत्रालयात झाला. भरायला सांगितलेले पैसे केंद्राच्या वित्त आयोगाचे होते. अंधार पडला तो गावात, आणि लोकांनी जाब विचारला तो सरपंचाला, ज्याला या साखळीतल्या एकाही टप्प्यावर कुणी विचारलं नव्हतं. जबाबदारी गावाकडं ढकलायची आणि अधिकार वर ठेवायचा, याला विकेंद्रीकरण म्हणता येणार नाही.

उलट, थोडासा अधिकार खाली आला तर काय घडतं, हेही याच राज्य सरकारच्या एका धोरणात दिसलं. डिसेंबर 2020 च्या कृषिपंप वीजजोडणी धोरणात ठरलं, की वसूल झालेल्या रकमेतले 33 टक्के त्याच ग्रामपंचायतीच्या क्षेत्रातल्या वीजकामांवर आणि 33 टक्के त्या जिल्ह्यातल्या कामांवर खर्चायचे. मला आजवरच्या सगळ्या वीजधोरणांतला हा सर्वात शहाणा निर्णय वाटतो. आपण भरलेल्या पैशातून आपल्याच शिवारातली डीपी वाढणार म्हटल्यावर आमच्या पारावरची बोलणी बदलली. बिल न भरणं ही ज्यांना मर्दुमकी वाटायची, त्यांना शेजारचे शेतकरीच सुनवायला लागले. पण इथंही एक गाठ सुटायची राहिली. गावाच्या वाट्याचे पैसे कुठल्या कामाला लावायचे, याची यादी कंपनीचे अभियंते करायचे. ग्रामसभेला मत नव्हतं. पैसा गावाचा म्हणायचा आणि काम दुसऱ्यानं निवडायचं, यानं भरवसा अर्धाच राहतो.

पुढं जुलै 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च 2029 पर्यंत मोफत विजेची योजना आली. लहान शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं त्यानं उतरलं, मी त्याच्या विरोधात नाही. वीज कायद्याच्या कलम 65 प्रमाणे अशा सवलतीची रक्कम राज्यानं कंपनीला आगाऊ द्यायची असते. म्हणजे शेतीच्या विजेचा हिशेब आता सरकारी तिजोरी आणि कंपनी या दोघांतच होतो. शेतकरी त्या हिशेबातून बाहेर पडला. जो बिल भरतो त्याला निदान विचारता तरी येतं, की भरलेल्या पैशांची वीज कुठं आहे. जो भरत नाही त्याला रात्री दोनला वीज दिली काय, एक फेज दिली काय, तो कुणाला काय म्हणणार? बिबट्याच्या भीतीनं कराड-पाटण-शिराळ्याकडचा शेतकरी रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला दोघा-तिघांनी मिळून जातो. आणि वसुलीतून गावाला मिळणारा तो 33 टक्क्यांचा वाटासुद्धा वसुलीबरोबरच आटणार. वीज मोफत झाली म्हणूनच त्याला आता दुसऱ्या वाटेनं आवाज हवा, आणि ती वाट त्याच्या ग्रामसभेतून जाते.

पाण्याच्या बाबतीत हे आपण करून पाहिलेलं आहे. 2005 च्या कायद्यानं कालव्याचं पाणी घनमापानं मोजून पाणीवापर संस्थांना द्यायचं ठरलं. आतली वाटणी शेतकऱ्यांनी आपसात करायची. समन्यायी पाणीवाटपासाठी आटपाडीनं नागनाथअण्णा नायकवडींबरोबर जो लढा दिला, त्यातून या विचाराला इथं बळ मिळालं. सगळ्या संस्था चांगल्या चालल्या असं नाही. पण ज्या चालल्या तिथं कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला आपलं पाणी किती हे कळतं. उपसा योजनांच्या वीजबिलाचंही तसंच. बिल थकलं की योजना बंद, योजना बंद की मोर्चा, असं किती उन्हाळे गेले. शेवटी 81 टक्के बिल सरकारनं आणि 19 टक्के लाभधारकांनी पाणीपट्टीतून भरायचं ठरलं. हिशेब स्पष्ट झाला तेव्हा पंप वेळेवर चालू होऊ लागले. तसा स्पष्ट हिशेब प्रत्येक फीडरचा का असू नये? उपकेंद्रातून फीडरवर किती युनिट सोडली, गावातल्या मीटरांवर किती मोजली गेली, मधली किती गळाली, महिन्यात किती तास पुरवठा बंद राहिला, हे चार आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले, तर तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांवर गावच नजर ठेवील आणि कंपनीच्या दिरंगाईवरही.

आपले अधिकारी या मागणीवर कोणता आक्षेप घेतील ते मला ठाऊक आहे. ते मुळा-प्रवरेचं नाव घेतील. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था देशातल्या पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक होती. तिच्यावर थकबाकीचा डोंगर साचला आणि 2011 साली तिचं वितरणाचं काम संपून ते महावितरणकडं गेलं. आक्षेप खरा आहे. त्याहून मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या 1996 च्या राज्यघटनेनं गावा-शहरांतलं वीजवितरण स्थानिक सरकारांकडं दिलं. अनेक नगरपालिकांनी लोकांकडून पैसे घेतले आणि एस्कॉम या राष्ट्रीय वीजकंपनीचे थकवले. काही ठिकाणी तर लोकांनीच भरले नाहीत. आज ती थकबाकी त्या देशाची मोठी डोकेदुखी आहे. पण याच नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्यापासून लांब नाही. सांगलीच्या दक्षिणेला, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्था 1969 पासून काम करते आहे. केरळात त्रिशूरची महानगरपालिका स्वतः वीज वाटते, आणि आपल्या मुंबईत बेस्ट 1947 पासून महापालिकेच्या मालकीची आहे. मुंबई शहरातल्या मतदाराला आपल्या विजेबद्दल नगरसेवकाला विचारता येतं. पाटणच्या मतदारानं जिल्हा परिषद सदस्याला विचारलं तर त्याच्याकडं उत्तर नसतं.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते असं. वीज विकत घेऊन विकायचा धंदा ग्रामपंचायतींच्या गळ्यात आत्ता घालू नका. दर ठरवणं नियामक आयोगाकडं राहू द्या. राज्यभर दर सारखे राहू द्या, कारण उसाच्या पट्ट्यातल्या गावांनी आपापलं पाहायचं ठरवलं तर पाटणच्या वाड्या आणि जतची टोकाची गावं अंधारात जातील. मागणी आहे ती उपकेंद्रापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची. तिथं कामाचा क्रम ठरवणं, हिशेब पाहणं आणि छोटी दुरुस्ती करवून घेणं या तीन गोष्टींत निवडून आलेल्या पंचायतीचा शब्द बंधनकारक करा.

छोट्या दुरुस्तीसाठी माणूसही शोधायला नको. तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना आपल्याच खात्यानं 2016-17 च्या सुमारास आणली होती. गावातला आयटीआय झालेला मुलगा, प्रति ग्राहक नऊ रुपये मोबदला, काम पथदिवे, फ्यूज, मीटरवाचन. कल्पना उत्तम, मोबदला तुटपुंजा, आणि गाव व कंपनी यांच्यामध्ये तो मुलगा लोंबकळत राहिलेला. त्याला जगता येईल इतका पगार आणि पुरेसा विमा द्या, सुरक्षेचं प्रशिक्षण द्या, त्याच्या कामाचा जाब ग्रामपंचायतीला द्यायला लावा. पैसा कुठून, तर घरगुती ग्राहक बिलावर 16 टक्के वीज शुल्क भरतो, त्यातला ठरलेला भाग त्याच गावाला परत पाठवा. अनुदानाची याचना करण्यापेक्षा वाटा असणं ग्रामपंचायतीला शोभतं.

सौर ऊर्जेमुळं हा प्रश्न आता जास्त तातडीचा झाला आहे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली.  त्या वाडीनं आधी स्वच्छतेत नाव कमावलं, गाव एकजुटीनं चालवायची सवय लावून घेतली, मग छतावर पॅनेल आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र हा क्रम उलटण्याची भीती वाटते. दिवसा वीज देण्यासाठी ही योजना लागणारच, याबद्दल दुमत नाही. प्रकल्पाच्या गावाला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात तेही चांगलंच. पण गायरान सरकारी जमीन म्हणून नाममात्र भाड्यानं दिलं जातं आणि मेंढपाळाला, दावणीला चार शेरडं बांधणाऱ्या बाईला ते कुंपण पडल्यावर कळतं. प्रकल्प पंचवीस वर्षं राहणार आणि गावाचा वाटा तिसऱ्या वर्षी संपणार, हे न्याय्य नाही. ग्रामसभेचा ठराव आधी घ्या, आणि वाटा प्रकल्पाच्या आयुष्याइतका ठेवा. पवनचक्क्यांच्या वेळी पठारावरच्या गावांना करासाठी जे भांडावं लागलं ते पुन्हा नको.

शेवटची गोष्ट दोन जिल्ह्यांच्या जोडीची. महावितरणच्या रचनेत सातारा बारामती परिमंडलात आहे आणि सांगली कोल्हापूर परिमंडलात. टेंभूचा पंप एका परिमंडलात, त्याच्या पाण्याची वाट पाहणारी खानापूर-आटपाडी दुसऱ्यात. कोयनेच्या खोऱ्यातल्या ग्राहकानं दाद मागायची ती बारामतीला, जतच्या ग्राहकानं कोल्हापूरला. त्याहून वर जायचं तर विद्युत लोकपाल मुंबईत. कंपनीच्या सोयीसाठी ही विभागणी असेल, ती बदला असं मी म्हणत नाही. पण कलम 166 च्या जिल्हा समित्या आहेत, त्यांना जिवंत करा. जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक होते, तेव्हा अशा समितीत लोकांच्या बाजूनं बोलायला स्थानिक प्रतिनिधीच नव्हते. आता खासदार-आमदारांबरोबर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, पंचायत समित्यांचे सभापती आणि प्रत्येक तालुक्यातला निदान एक सरपंच त्यात घ्या; त्यात निम्म्या महिला असू द्या, कारण रात्री लाईट गेली की घरात सगळ्यात जास्त कामं त्यांची अडतात. बैठक दर तीन महिन्यांनी, लोकांना बसता येईल अशी उघडी, आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत जाहीर. अधीक्षक अभियंत्यांनी फीडरवार आकडे तिथं मांडावेत आणि समितीनं ठरवलेला कामाचा क्रम बदलायचा असेल तर कारण लेखी द्यावं.

या समित्यांसाठी नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय पुरे आहे, आणि हा प्रयोग दोन वर्षांसाठी दोनच जिल्ह्यांत करून पाहायचा असल्यानं त्याची जोखीमही मोठी नाही. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या समित्यांची पहिली बैठक एकत्र घ्यावी, कारण टेंभू दोघांची आहे. ठिकाण विटा असावं. कराडहूनही जवळ, आटपाडीहूनही. शेतकऱ्याला ऊसतोडीच्या हंगामात वेळ नसतो, म्हणून तारीख पावसाळा उघडल्यावर आणि कारखान्यांचं धुराडं पेटायच्या आधीची ठरवावी. आपण स्वतः यावं अशी विनंती आहे. फीडरवार हिशेब अभियंत्यांनी आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतींना पाठवलेला असावा, म्हणजे सरपंच वाचून येतील आणि वेळ वाया जाणार नाही.



आपला,
कराड-विटा रस्त्यावरचा एक वीजग्राहक आणि माजी ग्रामपंचायत सदस्य